घर उतरवताना

जबल जैसच्या माथ्यावर गिऱ्हाइकं गाडी सोडून गेली,
बाळाला ताप चढला म्हणून, भावाच्या छोट्या गाडीतून.
रात्री नऊला खलफानचा फोन :
घर खाली आण.
तो मोटरहोमला घरच म्हणतो. बैत.

आधी आत फिरलो.
गॅस बंद केला, फ्रीजची कडी लावली,
ओट्यावरचं अर्धं कलिंगड बेसिनमध्ये बसवलं.
टाकी काठोकाठ भरलेली. उतारावर पाणी मागून ढकलतं.
नळी सोडली तसा तो उघडा खडक
घटाघटा प्यायला.
चार बिछाने. चादरींना अजून कुणाची तरी ऊब.
आमच्या खोलीत आम्ही सहाजण,
आणि वरच्या बिछान्यावरून पंख्याला हात लागतो.

दादमुराद सांगायचा,
पंजगूरचा, वीस वर्षं पाण्याच्या टँकरवर,
पुढचे दोन दात फुजैराच्या एका वळणावर ठेवून आलेला :
उताराचा गिअर माथ्यावरच टाक.
अर्ध्या वाटेत सुचलेलं शहाणपण
इंजिन ऐकून घेत नाही.

दुसरा टाकला. निघालो.

इंजिन कण्हायला लागलं. कण्हू दे,
त्याचं कण्हणं म्हणजेच आपला लगाम.
ब्रेकवर पाय ठेवून बसायचं नाही.
दाबायचा तो ठाम, वेग पडेपर्यंत,
मग पुरता सोडायचा,
तापलेल्या तव्याला बोट लावून बघतात तसं.
मागे ताटल्या आपसात काहीबाही बोलत होत्या,
एक रबरी बदक प्रत्येक वळणाला
या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जाऊन येत होतं.

तिलारीच्या घाटात मी काजूचा टेम्पो
न्यूट्रलमध्ये सोडायचो.
डिझेल वाचायचं, फेरीमागे चाळीस रुपये.
एकदा फुशारकीने कुंदाला सांगितलं.
चुलीवरचं दूध उतू गेलं तरी ती हलली नाही,
नुसती बघत राहिली माझ्याकडे.
मग म्हणाली, चाळीसच?

मागे एक लँडक्रूझर दिवे मारत आली.
कडेला घेतलं, जा म्हटलं बाबा.
तुझ्या मागे ताटल्या नाहीत.

नवव्या की दहाव्या वळणानंतर
वास आला. जळक्या रबराचा, थोडा गोडसर.
म्हणजे पाय नकळत टेकलेलाच होता.
थांबण्याच्या जागेत घेतली.
तापल्यावर हँडब्रेक ओढायचा नाही, हेही दादमुरादचंच.
गिअरमध्ये ठेवून चाकाखाली दगड सारला,
आणि घराच्या पायरीवर बसून
परक्याचं कलिंगड खाल्लं.

खाली रास अल खैमा, त्यापलीकडे काळा समुद्र.
एक शेळी येऊन सालं खाऊन गेली.
कुंदाला फोन करावासा वाटला,
तिकडे साडेबारा वाजून गेले असतील.
परवा ती विचारत होती, कधी उतरणार?
विमानातून, असं तिला म्हणायचं होतं.
तेरा वर्षं मी चढतोच आहे :
विहिरीचं कर्ज, मेहुणीचं लग्न, पोरीची फी,
एकेक वळण. उतरायचं म्हटलं की
कुठला गिअर टाकायचा
हे मला कुणी सांगितलेलं नाही,
आणि दादमुराद तर टँकर विकून
कधीच गेला पंजगूरला, फोन लागत नाही त्याचा.

तासाभराने चाकाजवळ हात नेला. निवलं होतं.

निघताना दगड काढायचा विसरलो.
गाडी त्याच्यावरून गेली आणि
सगळ्या ताटल्या एकदम ओरडल्या.
मी मोठ्याने म्हणालो, माफ करा.
आत कुणीच नव्हतं.

फाटकात पोचलो तेव्हा एक वाजून गेला होता.
खलफान झोपेतून उठून आला :
एवढा उशीर? रिकामी तर होती.
मी किल्ली दिली.
बदक मात्र खिशातच राहिलं,
ते सकाळी बनियन धुताना सापडलं.